मामानं सान्वीला घेतलं नाही

सर्दीच होती, ताई—काल बारशात सांगितलं ना सगळ्यांसमोर, आता परत गाडीत बसवून तेच काय विचारतेस? सर्दी होती, एवढंसं बाळ, म्हटलं कशाला उगाच इन्फेक्शन द्या. तू डॉक्टर, तूच नाही का हॉलच्या दाराशी सॅनिटायझर ठेवला होतास? मामानं सान्वीला घेतलं नाही, बरं, नाही घेतलं—फोटो तर काढला की, पाळण्याच्या शेजारी उभं राहून. सगळे हसले, मीही हसलो. ते कोण ते, बाबांच्या ऑफिसातले टकले काका—"एवढा दोन-दोन पैलवानांना आपटतो आणि चिमुरड्या भाचीला घाबरतो!"—हसलो की मी. हसलोच. नॅपीज आणायला म्हणून बाहेर काढलंस, आईला वाटलं, चला, वर्षानं भेटलेत भाऊ-बहीण, जरा गप्पा मारतील—आणि हे. उलटतपासणी. आणि टेस्कोचं दुकान गेलं बघ मागे. गेलं ना! बरं, चालव, चालव, तुला पावसात गाडी चालवायला आवडतं माहितीये मला. ही सीट अजून मागे जात नाही का गं? माझे गुडघे थेट डॅशबोर्डला लागतायत. नवऱ्याला सांग, वरदला—एवढा बँकेत आहे, बायकोला जरा मोठी गाडी घे म्हणावं.

नाही, मी विषय नाही बदलत. तू बदलतेस. तू गप्प बसतेस आणि मग समोरच्याला बोलावंच लागतं—पेशंटशी पण असंच करतेस का? बिचारे. मला विचार ना काहीतरी नीट. खेळाबद्दल विचार. तू कधी एक मॅच पूर्ण बघितली आहेस माझी? खरं सांग. नाही ना? मला माहितीये, तुला बघवत नाही, आई पण स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. फक्त बाबा बघतात, त्यांना पण काही कळत नाही, त्यांचं सगळं कबड्डीच्या हिशोबानं. मी पहिला सॅक केला ना—म्हणजे बघ, मी लाइनच्या टोकाला असतो, डिफेन्सिव्ह एंड, समोर त्यांचा ब्लॉकर, माझ्यापेक्षा जड, रेड्यासारखा, आणि त्याच्या मागे त्यांचा क्वार्टरबॅक, बॉल त्याच्या हातात. त्यानं बॉल फेकायच्या आत ब्लॉकरला ओलांडून त्याला पाडायचं. पाडला, की सॅक. बस्स, एवढंच माझं काम, बाकी काही येत नाही मला. तर पाडला, पूर्ण स्टेडियम उभं, आणि रात्री बाबांचा फोन—"शार्दूल, अभिनंदन, कोणाला बाद केलंस?" म्हटलं, बाबा, बाद नसतं, तो उठतो आणि परत खेळतो. "परत खेळतो? मग उपयोग काय झाला?" हसतेस काय, खरंच असं म्हणाले! आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनीच टाकलं—आमच्या शार्दूलने आज क्वार्टरबॅकची पकड केली. पकड!

पण चुकीचं नाहीये गं ते. पकडच आहे. मला विचारशील तर—आणि हे मी तिकडे कोणाला सांगत नाही, तिकडे सगळे फक्त आकडे बोलतात—ती मजा पकडीतच आहे. तो रेडा समोर बसलेला असतो, त्याचा श्वास ऐकू येतो, बॉल हलतो आणि आपण सुटतो. मी बाहेरून जातोय असं त्याला वाटतं, तो वजन त्या पायावर टाकतो, आणि तेवढ्यात कळतं आपल्याला की फसला हा. आता आत रस्ता आहे. त्या क्षणी ताई, मला आई-बाबा कोणी आठवत नाही, मी कुठला, शाळेत मला काय काय म्हणायचे, काही नाही. मोकळं. एकदम मोकळं. त्यासाठी मी काय काय केलंय तुला माहिती नाही. तुला वाटतं बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटीत रग्बी सोडून हे अमेरिकन फुटबॉल खेळायला लागलो, अमेरिकेतून ट्रायलला बोलावलं, परदेशी पोरांसाठीची ती स्कीम होती, गेलो आणि झालो स्टार. अगं, पहिली दोन वर्षं मी मैदानावर पाय नाही ठेवला. प्रॅक्टिस स्क्वॉड. म्हणजे आठवडाभर समोरच्या टीमचं सोंग घ्यायचं, आपल्याच मोठ्या खेळाडूंकडून मार खायचा आणि रविवारी कोट घालून बाजूला उभं राहायचं. दर मंगळवारी भीती. तिकडे काढून टाकतात ना, ओरडत नाहीत, कोणी काही वाईट बोलत नाही—एक माणूस येतो आणि सांगतो, कोचनं बोलावलंय, टॅब्लेट घेऊन ये. टॅब्लेटमध्ये आमचे सगळे डाव असतात, तो परत द्यायचा असतो. बस. टॅब्लेट म्हटलं की कळायचं. मी दोन वर्षं कोणाच्या पावलांचा आवाज आला की मान खाली घालून बुटाच्या लेस बांधायचो.

आणि मग कीनन पडला. कीनन माझ्या जागेवर खेळायचा. मोठा खेळाडू, माझ्याशी चांगला होता, त्यानंच मला शिकवलं हात कुठे ठेवायचे. त्याचा गुडघा गेला. आणि मला हेल्मेट देऊन म्हणाले, जा. बघ ना, कोणी पडावं असं वाटत नसतं, देवाशपथ नसतं, पण कोणी पडल्याशिवाय आपला नंबर लागत नाही. त्या रविवारी मी खेळलो, बाबांनी पेढे वाटले, आणि पुढच्या आठवड्यात लॉकर रूममध्ये गेलो तर कीननच्या कप्प्यावरचं नाव काढलेलं. पट्टी निघाली की खाली गोंद राहतो ना, तो कोणीतरी खरवडत होता. मी त्याला फोन करणार होतो. केला नाही. काय बोलणार?

आता माझ्या जागेसाठी माझ्या मागे एक आहे, ऑस्ट्रेलियातून आलेला, बावीस वर्षांचा. चांगला आहे. मी त्याला शिकवतो हात कुठे ठेवायचे.

काय? नाही, सहज सांगितलं. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. कशाचा म्हणजे? तुझ्या प्रश्नाचा. ताई, तू असं बघू नकोस माझ्याकडे, समोर बघ, तो ट्रक बघ, डॉककडून आले की हे लोक लेन बघत नाहीत. हाताकडे काय बघतेस? ठीक आहे हात. काल चहा उजव्या हातानं घेतला म्हणून काय झालं, सगळे उजव्या हातानंच घेतात. हो, मी डावखुरा आहे. हो. माहितीये मला मी डावखुरा आहे!

ओरडलो. सॉरी. सॉरी गं.

नोव्हेंबरमध्ये झालं. काही विशेष नाही, सगळ्यांना होतं, स्टिंगर म्हणतात, तुला तर माहितीच असेल. बॉल घेऊन धावत येणारा होता, मी खाली वाकून गेलो, डोकं जरा चुकीच्या बाजूला गेलं, आणि मानेपासून बोटांपर्यंत—जशी काही उकळत्या तेलाची पिचकारी मारली कोणी. आणि मग काहीच नाही. हात लोंबतोय, माझा आहे पण माझा नाही. मी त्याला दुसऱ्या हातानं धरून बाजूला आलो, फिजिओ धावत आला, मी म्हटलं खांदा आहे, जुना खांदा. त्यानं खांदा दाबला, मी ओरडलो—खोटं ओरडलो, कारण काही कळतच नव्हतं. थोड्या वेळानं मुंग्या आल्या, परत गेलो. पुढचा डाव खेळलो. चांगला खेळलो! मग परत झालं. मग परत. मग आपोआप बरं व्हायला जरा जास्त वेळ लागायला लागला, एवढंच. मग सकाळी बटणं लागेनात. मी टी-शर्ट घालायला लागलो. तिकडे कोण बघतं, सगळे टी-शर्टच घालतात. काल तो कुर्ता बाबांनी आणला होता ना खास, त्याला गळ्यापाशी बटणं होती, म्हणून मला उशीर झाला. तुम्ही खाली हाका मारत होतात, नाव ठेवायची वेळ झाली, आत्याबाई थांबल्यात, आणि मी वर आरशासमोर—शेवटी उघडाच ठेवला गळा. आई म्हणाली, काय स्टाइल आहे.

आणि मग तू सान्वीला पुढे केलंस.

तुला कळत नाही का, ताई? मला घ्यायची होती ती. मी विमानात बसून आलोय तिच्यासाठी, तू माझ्यासाठी बारसं थांबवलंस हे मला माहितीये, आणि ती माझ्याकडे बघत होती, तिचं ते टोपडं एका डोळ्यावर आलेलं—आणि मी मनात हिशोब करतोय, मान उजव्या हातात धरली तर खाली डावा लागेल, आणि डावा मध्येच गेला तर? खाली फरशी होती हॉलची. सगळ्यांसमोर. मी म्हटलं सर्दी. दुसरं काय म्हणणार होतो?

टीमला कसं सांगू? सांगितलं की पहिलं ते मानेचा स्कॅन करणार, आणि मग टॅब्लेट. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, आणि मग मी इथे इंग्लंडला परत, माझ्या जुन्या खोलीत, पाय पलंगाच्या बाहेर. काय करू? सांग ना, काय येतं मला? बाबा काल प्रत्येकाला सांगत होते—आमचा मुलगा डिफेन्समध्ये आहे. एका बाईंना वाटलं आर्मीत आहे. त्या मला म्हणाल्या, देशासाठी करतोस, देव तुला सांभाळो. मी थँक यू म्हटलं. आणि हे सोड गं, लोक, व्हिसा, हे सगळं सोड—मला सोडायचं नाहीये. हेच मोठं आहे. ते मला काढतील म्हणून घाबरतो हे खरंच आहे, पण त्यांनी ठेवलं तरी घाबरतो, कारण ठेवलं की जावं लागणार, आणि मी जाणार. वाकून, डोकं पुढे घालून. मला दुसऱ्या तऱ्हेनं जाताच येत नाही. गुरुवारी फ्लाइट आहे, मी बसणार त्यात. मला माहितीये मी बसणार.

आणि हात काय, हात तर एकच आहे. पाय तर ठीक आहेत. म्हणजे आता ठीक आहेत. ते एकदाच झालं होतं.

नाही, काही नाही. एकदाच. जानेवारीत, प्रॅक्टिसमध्ये, मॅच पण नव्हती. मी पडलो आणि—अगं, उठायचं म्हणून उठलो, म्हणजे डोक्यात उठलो, आणि खाली काहीच हललं नाही. पडलेलोच. वर आकाश दिसत होतं, एक विमान चाललं होतं. दुखत नव्हतं. काहीच नव्हतं, कमरेखाली कोणी नव्हतंच जणू. तो ऑस्ट्रेलियन पोरगा वर उभा राहून म्हणतोय, ऊठ की म्हाताऱ्या, झोपलास का? सगळे हसतायत, मी पण हसलो, झोपून हसलो, आणि मनात म्हणत होतो आई, आई, आई—मराठीत, ताई, एवढी वर्षं झाली—आणि मग अंगठा हलला. मग दोन्ही पाय आले परत. उठलो. पुढचा डाव खेळलो. कोणाला कळलं नाही.

इंडिकेटर कशाला दिलास? घर सरळ आहे.

ताई. ताई, हा रस्ता—नाही. नाही हं. तुझी मॅटर्निटी लीव्ह आहे, तुझं काय काम आहे हॉस्पिटलमध्ये? नॅपीज घ्यायच्यात ना? मी नाही येणार आत. तू मला सांगितलं नव्हतंस हे, हे चीटिंग आहे, मी तुला भाऊ म्हणून सांगितलं, पेशंट म्हणून नाही! एकदा त्या मशिनमध्ये गेलो की संपलं, तू पण ओळखतेस त्यांना सगळ्यांना, तुझा कोणीतरी मित्र बाहेर येणार आणि मला चेअर देणार बसायला आणि दार लावणार—मला माहितीये ते दार कसं लावतात, टॅब्लेटवाला पण तसंच हळू लावतो. मला अजून एक सीझन दे. एकच. मग मी स्वतः येतो, शप्पथ, सान्वीची—नाही, तिची नको. माझी शप्पथ.

रडू नकोस. अगं, चष्म्यातून काही दिसत नाहीये तुला, पावसात, रडत गाडी चालवू नकोस, तिची रिकामी सीट बघ मागे, तिला आई लागेल—बाजूला घे. घे बाजूला. इथेच. डबल यलो असू दे, थांबायला मनाई असू दे, मी उतरतोय, दोन सेकंद. मी बसनं जातो घरी. आईला सांगतो, ताईला अचानक वॉर्डवरून फोन आला. आणि तू पण तेच सांग. आणि बाबांना एक अक्षर नाही. हं. थांबलीस. थँक यू.

हा बेल्ट निघाला. चल, जा तू. जा, डोळे पूस आणि नॅपीज घेऊन जा, ती उठली असेल.

दार उघड.

लॉक काढ ना, ताई. काय लहान मुलासारखं—चाइल्ड लॉक लावलंस का? काढ म्हणतो ना! काय? कसं नाही लॉक? मग उघडत का नाही? ओढतोय की मी. हे बघ, बोटं हँडलवरच आहेत, ओढतोय, हे बघ—

ताई.

तिकडून उतर. इकडे ये, बाहेरून उघड.