कात्रणं

हॅलो? … हं, ताई, बोल. मिळाली का हार्ड डिस्क?

… बाबांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात. करड्या कापडाची पिशवी आहे बघ, उरलेल्या सुटाच्या कापडाची. त्यांनीच शिवलीय… हो, तीच. मग काढ ना बाहेर… अगं, बटण ओढू नकोस, काज घट्ट आहे. नवं काज घट्टच ठेवायचं असतं… मी नाही गं, बाबा म्हणतात.

थांब, बाहेर येते जरा, इथे मशीनचा आवाज आहे… हो मॅडम, पाण्याचे नमुने लावलेत, वीस मिनिटं लागतील. घरचा फोन आहे… हं, बोल. जिन्यात आलेय मी.

बाबा कुठे आहेत? … झोपलेत? नक्की? मग दार लोटून घे. त्यांना एवढ्यात काही कळायला नको. … सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझा लॅपटॉप मेला आणि तुमचा आवाज त्यातच होता?

हो, आला सकाळी दुरुस्तीवाल्याचा फोन. आतली मेमरीच गेली म्हणाला, काही निघणार नाही. … विचारलं ना, तीनदा विचारलं. शेवटी त्यानेच विचारलं, बॅकअप असेल ना? मी म्हटलं, आहे. चांगलं ऐटीत म्हटलं.

हो, हो… तुलाही तेच सांगितलं होतं. लॅपटॉप इकडे, हार्ड डिस्क तिकडे. दोन घरांत दोन प्रती. … अगं ऐक ना, टोमणे नंतर मार, आधी तार लाव.

… छोटं टोक डिस्कला, चपटं तुझ्या लॅपटॉपला. … जात नाही? उलटं कर. … आता परत उलटं कर. … गेलं? बघ! निळा दिवा लागला? लुकलुकतोय? आणि खटखट असा आवाज नाही ना येत आतून? … हुश्श.

आता उघड. काय दिसतंय? … दोनच. हो, दोनच असणार. ‘बाबा पक्की’ आणि ‘कात्रणं’. ‘पक्की’ उघड. सहाशे फाइली आहेत, बाबांचं एकेक वाक्य. त्या सगळ्या थेरपिस्ट बाईंना पाठवायच्या, चारच्या आत. बोलणाऱ्या मशीनमध्ये बाबांचा आवाज बसवणारे लोक आज फाइली घेणार, नाहीतर आपला नंबर दोन महिन्यांनी. … माहितीय गं, आधीच पाठवायला हव्या होत्या. मीच एकेक वाक्य साफ करत बसले. आत्ता किती, पावणेतीन झाले…

काय लिहून येतंय? … नीट वाच. ‘ही वस्तू सापडत नाही’? … परत दोनदा दाब.

… परत तेच?

ताई, एक कर. ‘पक्की’च्या चित्राकडे बघ. खाली डाव्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण आहे का? … चष्मा लाव आणि बघ. … आहे?

…

नाही, आहे मी. आहे इथेच. त्याचा आकार किती लिहिलाय? … एक केबी. … एकच.

तू काही मोडलं नाहीस. तू नाही गं. तो फोल्डरच नाहीये. शॉर्टकट आहे तो. म्हणजे… पत्ता लिहिलेली चिठ्ठी समज. माझ्या स्क्रीनवर चिठ्ठी होती, खरा फोल्डर भलतीकडेच, आत. मी चिठ्ठी उचलून डिस्कवर ठेवली, आणि आता घरच गेलं.

… बघितलं होतं ना उघडून! डिस्क लावून, स्वतः बघितलं. सहाशेच्या सहाशे दिसल्या. दिसणारच. त्याच लॅपटॉपवर बघितलं ना मी! चिठ्ठीने बरोबर घर दाखवलं.

… म्हण. ‘शास्त्रज्ञ बाई’ म्हण, हस. … हसत नाहीयेस? … ए, रडू नकोस ना. तू रडलीस तर मी इथेच पायरीवर बसेन.

… परत कसे बोलतील ते? स्वरयंत्रच काढलंय ताई, सर्दी नाही झालेली. पंधरा दिवस झाले ऑपरेशनला. … फोनमधले नाही चालत गं. त्यात मागे शिलाई मशीन, गाड्या, तू. बंद खोलीत, एकाच माइकवर बोललेलं हवं. तीन आठवडे बसवलं होतं मी त्यांना, भिंतीला गाद्या लावून…

कात्रणं? ते टाकाऊ आहे गं सगळं. चुकलेली वाक्यं. खोकले, शिंका, मधेच तू गॅस बंद केला का विचारायला आलीस ते. मी पुसूनच टाकणार होते. बाबाच म्हणाले, राहू दे, कात्रणं कुणी फेकतं का, ठिगळाला लागतात. नावही त्यांनीच दिलं. माझ्या डोळ्यासमोर ठेव म्हणाले, म्हणून मग स्क्रीनवरच ठेवला तो खरा…

… खरा.

ताई, कात्रणांच्या चित्रावर बाण आहे? … नाही? नक्की? आकार बघ. … एमबी ना? के नाही, एम? … आत किती फाइली? … दोनशे चौदा. हो. तेवढ्याच होत्या. लाव एक. कुठलीही लाव.

…

… परत लाव.

‘सकाळी उठून मी खिडकी उघडतो.’ किती स्वच्छ आलंय. आणि शेवटी? … हो, ऐकलं. ‘बरोबर ना?’ … अगं त्यासाठीच तर बाद केलं होतं! माप घेताना सवय ना. खांदा साडेसतरा, बरोबर ना? छाती अडतीस, बरोबर ना? चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला विचारत आले, ते कागदावरच्या वाक्यालाही विचारायला लागले. मी ओरडायचे, बाबा, लिहिलंय तेवढंच वाचा. ते मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्याला परत…

पुढचं लाव. … हं. ‘बरोबर ना?’ … पुढचं. … हा खोकला, सोड. … पुढचं. … हे बघ, हे पण!

अगं ऐक ना, वाक्य अख्खं आहे. चूक नुसती शेपटीत आहे. शेपूट मला कापता येतं, सगळ्यांचं एकदम. … सहाशे नाहीत, कळतंय मला. पण बाई म्हणाल्या होत्या, कमीत कमी दीडशे. तेवढ्या वाक्यांत आवाज तयार होतो, पण कच्चा. अडखळतो मधेमधे. … आता खोकले आणि शिंका वगळून दीडशे निघतील का… माहीत नाही. खरंच माहीत नाही.

हळू लाव ना, केवढ्याने लावलायस! बाबा जागे होतील. … काय? … कोण आलं?

… कधीपासून उभे आहेत दारात? … म्हणजे त्यांनी ऐकलं? स्वतःचंच?

… चेहरा कसा आहे? … ‘तसाच’ म्हणजे कसा गं? … बरं. दे. स्पीकरवर टाकून दे त्यांना फोन.

बाबा, मी बोलतेय. कात्री आहे का हाताशी? टेबलावर वाजवा. एकदा हो, दोनदा नाही, ठरलंय ना आपलं. … हं. आलं ऐकू.

बाबा, माझ्या हातून पक्की गेली. सगळीच्या सगळी. कशी ते घरी येऊन सांगते. फक्त कात्रणं उरलीत. तुम्ही फेकू दिली नाहीत ती. … रागावलात?

… एकदा.

हो. रागवा. तुमच्या जागी असते तर मीही रागावले असते.

पण ऐका ना, त्यातल्या पुष्कळ वाक्यांना तुमचं ते ‘बरोबर ना?’ जोडलेलं आहे. तेवढं कापून पाठवते. कापू?

… दोनदा? … अहो बाबा, नाही कापलं तर मशीन दर वाक्याला विचारत बसेल. पाणी द्या, बरोबर ना? पंखा लावा, बरोबर ना? … ताई, मागे हसू नकोस, ऐकू येतंय मला. … बाबा, बास, टेबलाला खड्डा पडेल. दोन, दोन, दोन. कळलं.

बरं, असं करू. वाक्यापासून उसवते, पण फेकत नाही. त्यातलं एक चांगलंसं निवडते आणि त्याचं वेगळं बटण करून मागते. बाकीचं मशीन बोलेल, तुमच्यासारखं, जमेल तसं. त्या बटणात मात्र तुम्हीच. जसेच्या तसे. वाटेल तेव्हा दाबायचं. … चालेल?

… एकदा. चला.

ताई, ऐकतेयस ना? सगळी कात्रणं आत्ता मला पाठव, आणि एक प्रत तुझ्याकडेही ठेव. मी मॅडमच्या कॉम्प्युटरवर उघडून बघते. या वेळी दुसऱ्याच्याच. चार वाजायला तास आहे. होईल. दीडशे निघाली, तर होईल.

ठेवते मग. मी मोजून फोन करते, तोवर तुम्ही जरा पडा. बरोबर ना?

…

… दोनदा.

बरं. मग बसा जागे. ताईबरोबर तुम्हीही मोजा.

ठेवते.