टाकीचं झाकण

इटलीतल्या बिएल्ला शहराजवळच्या गॅरेजात टायर बदलून घ्यायला आलेल्या इव्हानाच्या शेजारी म्हातारे भाऊबहीण बसले होते. भावाची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार तपासून मेकॅनिक हात पुसत आला.

"इंजिन ठणठणीत आहे, सिन्योर ओरेस्ते. पेट्रोलच्या टाकीचं झाकण कधी बदललंत?"

"जुनं हरवलं तेव्हा. बाबा आजारी होते."

"या झाकणाला हवेचं भोकच नाही. म्हणून थोडं चाललं की पेट्रोल पुढे सरकत नाही, गाडी बंद पडते. थांबलात की फटीतून हवा शिरते, पुन्हा चालू."

"कुणी बघायला येईस्तोवर चालू! मग कोण विश्वास ठेवणार?"

मेकॅनिक नवं झाकण आणायला आत गेला.

"म्हणजे बाबा गेले त्या दिवशी तू..."

"गाडी बंद पडून घाटात उभा होतो, मार्ता. किती वेळा सांगितलं तुला."

"मला वाटलं, तू मुद्दाम आला नाहीस."

"माहीत आहे."

"तेव्हापासून मी तुझ्याशी धड बोललेसुद्धा नाही रे."

"तेही माहीत आहे."

"विकून टाकायचंस ना हे डबडं!"

"विकलं असतं, तर माझ्या बाजूने बोलायला कोण उरलं असतं?"

मार्ता त्याच्याकडे वळली.

"जेवलास का?"

"नाही."

"चल मग घरी. मक्याचा पोलेंटा आहे सकाळचा."