नागेशच्या चाकाखालचा दगड

—ते सांगते सर, सगळं सांगते, त्याच्यासाठीच आलाव ना तुम्ही, पण आधी तुमची ती गाडी बघा—अशी लावतात का उतारावर? बसा, बसा, उठू नका, आत्ताच कुठं जायली न्हाई ती. नाक सरळ खाली, चाकं सरळ खाली, गेर न्हाई. मला कसं म्हाईत? काच उघडी हाय, तुम्ही चप्पल काढत होताव तवर मी डोकावून बघितलं. काय म्हणालाव, हँडब्रेक ओढलाय? ओढला असंल. ह्या गल्लीत ओढलेल्या हँडब्रेकला किती किंमत हाय ते खाली इरप्पाच्या दारात जाऊन विचारा. नाक खाली असंल तर उलटा गेर टाकायचा, नाक वर असंल तर पहिला. चाकं भिंतीकडं मोडायची, म्हणजे सुटलीच तर भिंतीला घासून थांबते. मग हँडब्रेक, आणि एवढं सगळं करून वर चाकाला दगड. सातवी शिकलेल्या बाईला हे म्हाईत हाय, आणि तुमच्या शाळेत म्हणे लेकरांना रस्ता कसा ओलांडायचा ते चित्रं लावून शिकवतात. शिकवा, शिकवा.

मला कुणी शिकवलं म्हणता? त्यानंच. नागेशनं. ज्याची चौकशी करायला औरादहून इथवर आलाव त्यानंच. आता तो घरी असता तर तुमची धडगत न्हवती, सर. गल्लीत कुणाची गाडी आली, की हा ताटावरून उठून बाहेर. पावणा असो, बँकेचा माणूस असो, लग्नाची वरात असो—‘गेर टाकलाव का अण्णा, चाक मोडा अण्णा.’ मागं गॅसवाल्याशी भांडला. पंचशीला, त्याची बायको, दारात डोक्याला हात लावून उभी. लोक हसतात. मी पण हसते. हसू न्हाई तर काय करू? दहा महिने झाले, ह्या माणसानं स्टेरिंगला हात लावला न्हाई आणि दुसऱ्यांना गाडी लावायला शिकवायलाय.

दहा महिने कामून म्हणजे? त्यानं सांगितलं न्हाई तुम्हाला? सांगितलं? आपल्या तोंडानं? बघा, बघा हा शहाणा. शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर पाहिजे म्हणून बोलावतात, आणि हा खुर्चीवर बसून सांगतो, माझ्या हातून असं झालं, मी दगड लावायला विसरलो. कुणी विचारलं होतं का? न्हाई ना? मग? अशानं मिळती का नोकरी? आणि आता तुम्ही वही घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारत फिरायलाव, माणूस विसरभोळा हाय का, पितो का. पीत न्हाई. लिहा ते. चहाला सुद्धा दोनदा नको म्हणतो. उद्या शाळेच्या कमिटीला सांगायचं म्हणालाव न्हवं? मग लिहा नीट.

आता ऐका काय झालं ते. ह्या गावात सगळे मूर्ख हाईत, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं समजंल. आमच्याकडं ट्रॅक्टरची बॅटरी कुणी बदलत न्हाई. मेली तर मेली. संध्याकाळी ट्रॅक्टर आणायचा, उतारावर नाक खाली करून उभा करायचा, गेर काढायचा, पुढच्या चाकाला दगड. सकाळी वर बसायचं, कुणीतरी लाथेनं दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळतो, गेर टाकला की भुर्र. ह्यांना वाटतं लई मोठी अक्कल. नागेशनं बारा वर्षं दुसऱ्याचा ट्रॅक्टर असाच चालवला. मग गेल्या वर्षी स्वतःची गाडी घेतली, जुनीच, पांढरी, औराद-उदगीर माणसं न्यायला. बॅटरी नवी, सेल्फ एका बोटावर. आणि हा काय करतो? नाक खाली, गेर न्हाई, हँडब्रेकची तार ढिली ती ढिलीच, आणि पुढच्या चाकाला दगड. मी म्हणाले, अरे ही गाडी हाय का तुझा ट्रॅक्टर? तर हसला. म्हणाला, अक्का, दगडाइतका भरवशाचा ब्रेक न्हाई.

तर जयंतीचा दिवस. चौदा एप्रिल. वर विहारात दोनशे माणसांचं जेवण, आणि खीर माझ्याकडं. गव्हाची खीर मी करते, दुसरी कुणी केली तर लोक वाटी खाली ठेवतात, हे माझं बोलणं न्हाई, विचारा कुणालाही. हा खाली मंडपाचे पत्रे घेऊन यायला गेला होता, अकराच्या सुमाराला आला, गाडी माझ्या दारापुढं लावली—जिथं आता तुमची हाय तिथंच—आणि वर मंडपाला गेला. तासभर गाडी उभी होती. हलली न्हाई, डुलली न्हाई. आणि मग गेली. कुणी आत न्हाई, कुणी धक्का दिला न्हाई. आवाज पण न्हाई हो सर, तेच वाईट. पोरीसोरी बाजूला होत्या म्हणून. सरळ खाली, इरप्पाच्या दारात. त्याची बायको बाणूबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं बघितलं आणि उडी मारली, म्हणून जीव वाचला, पण मनगट गेलं. ओटा फुटला, दोन मेंढरं मेली. मनगट वाकडं बसलं ते बसलंच. आता लुगड्याची गाठ दातानं मारती.

मी जाते तिच्याकडं. रोज. भाकरी थापून देते. तिची सून मनीषा थापती ना, पण ती काय भाकरी हाय, चप्पल हाय. म्हणून जाते. दुसरं काही न्हाई. काही लिहायचं न्हाई त्यात.

तर लोक म्हणाले, हा दगड लावायला विसरला. सरळच हाय ना, दगड असता तर गाडी गेली असती का? जागेवर दगड न्हवता. सगळ्यांनी बघितलं, न्हवता. आणि मी म्हणते, दगड असो नसो, गेर टाकायला काय झालं होतं ह्याला? कंपनीनं एवढे गेर दिलेत ते कशाला, पूजेला? चूक त्याचीच की. गेर टाकला असता तर एक दगड उचलल्यानं काय होणार होतं?

उचलल्यानं म्हणजे—निसटल्यानं. दगड निसटतात की. उतार हाय. ह्या गल्लीत दगड काय, माणसं निसटतात. तुम्ही चहा घ्या, थंड व्हायलाय.

लिहिलाव? काय लिहिलाव? दाखवा. कन्नडात लिहिलाव, मला येतं की वाचायला, असं झाकू नका. ‘स्वतः चूक मान्य करतो.’ हं. हे बरं लिहिलाव. मान्य करतो. सर, तो मान्य करत न्हवता. पहिले दोन दिवस तर न्हाईच. रडत होता, पण म्हणत होता, म्या दगड लावला. काळा होता, एका बाजूनं सपाट, दोन हातानं उचलावा लागला. इरप्पाच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिथं पण म्हणाला, अप्पा, म्या लावला होता. लोकांनी शिव्या दिल्या, एवढं झालं तरी खोटं बोलायलास. तवा कुणीतरी म्हणालं, शोभा अक्काला विचारा. तिच्या दारापुढं गाडी होती, ती सकाळपासून दारातच होती. आणि खरं हाय ते, ह्या गल्लीत कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली, कुणाची सून कुणाशी फोनवर किती वेळ बोलली, मला सगळं म्हाईत असतं. लोक नावं ठेवतात, पण वेळ आली की मलाच विचारतात. आले सगळे इथं. नागेश समोर उभा. म्हणाला, अक्का, तू बघितलीस ना दगड? सांग ना.

मी म्हणाले, न्हाई बाबा, मला काही दिसला न्हाई.

एवढंच. सहा शब्द. त्या दिवसापासून तो बदलला, सर. वाद घालायचा बंद झाला. पंचशीला सांगती, उठून बसतो, हाताकडं बघतो. म्हणतो, अक्काला दिसला न्हाई म्हणजे न्हवताच. मला वाटलं असंल लावला म्हणून. कालचं आणि परवाचं डोक्यात एक झालं असंल. आता दार लावलं की तीनदा ओढून बघतो. शेतातली पाण्याची मोटार बंद केली की परत जाऊन बघतो. गाडी त्यानं आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली. आणि गल्लीत आलेल्या प्रत्येकाला गेर शिकवतो. वेडाच हाय. दुसऱ्या कुणाचं ऐकून माणूस आपल्या हाताला खोटं म्हणतो का? असा कसला पुरुष? मी असते तर म्हणाले असते, अक्का, तू खोटं बोलायलीस.

एकदा सुद्धा म्हणाला न्हाई हो. एकदा सुद्धा न्हाई.

काय बघायलाव असं? विचारा की. तुम्ही शिकलेले लोक, तोंडानं विचारायचं न्हाई आणि पेन वर धरून बसायचं. बघा, चूल उतारावर मांडायची म्हणजे काय असतं ते तुम्हाला काय कळणार, तुमच्याकडं गॅस. वरच्या बाजूला दोन दगड बारके चालतात, पण खालच्या बाजूला एकच मोठा पाहिजे, उंच, आणि वरून सपाट, न्हाई तर भांडं कलतं. माझा खालचा दगड बारका होता. खीर एका अंगाला गेली, कडेनं सांडायली. दुबळगुंडीची माझी भावजय आली होती, ती सगळ्या बायकांपुढं म्हणाली, वन्सं, तुमच्या गल्लीत खीर पण उताराला लागती वाटतं. हसल्या सगळ्या. दोनशे माणसांचं जेवण, विहाराचं काम, आणि माझ्या भांड्याला हसायल्या. आणि समोर चाकाला तो दगड. काळा, एका बाजूनं सपाट. जसा काही माझ्यासाठीच घडवला. मी गाडीला हात लावून बघितलं सर, खोटं न्हाई बोलत, जोर लावून ढकलून बघितलं. हलली न्हाई. मला वाटलं, नव्या बॅटरीची गाडी, तिला काय लागतो दगड, ट्रॅक्टर थोडीच हाय. दगड ओढून काढला, तरी गाडी उभीच, म्हणून तो चुलीला लावला. भांडं असं बसलं, तुम्हाला काय सांगू. भावजयीला म्हणाले, बघ आता.

लोक खाली पळाले तवा मी पण पळाले. बाणूबाईचं मनगट माझ्याच मांडीवर होतं दवाखान्यात जाईपर्यंत. परत आले तर खीर लागली होती. चूल विझवली, दगड घासला, काजळी जात न्हाई. मोरीत ठेवलाय, धुणं आपटायला. काजळीची बाजू खाली.

त्या दिवशी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण सगळे खालचे आलेले, इरप्पाचे भाऊबंद, आपल्यातले म्हातारे, जयंतीच्या दिवशी एवढं झालेलं, आणि मी म्हणायचं, खिरीसाठी? भावजय अजून गेली न्हवती, तिथंच उभी होती. आणि वाटलं, दोन दिवसांत विसरतील, नागेश तरणा हाय, त्याला काय होतं. मग तोच म्हणायला लागला, म्या विसरलो. मग सांगणार कुणाला? तो मानत होता ना आता.

भाकरी तेवढी थापते रोज. चार तिच्या, दोन इरप्पाच्या. बाणूबाई म्हणती, तू माझी मागच्या जन्मीची बहीण. मी म्हणते, गप बस आणि खा.

वही बंद करू नका. आत्ता लिहायचं तवा बंद करायलाव? मगाशी पितो का, विसरतो का, सगळं भराभर लिहिलाव. आता लिहा—दगड लावला होता. नागेशनं दगड लावला होता आणि तो विसरला न्हवता. गेर टाकला न्हाई, ते पण लिहा, खोटं कशाला, ती चूक त्याची हाय आणि त्या चुकीपायी आज आमच्या ह्या चिंताकी गावात त्याच्याइतकी नीट गाडी लावणारा माणूस न्हाई. तुमच्या कमिटीतल्या एकाला तरी येती का उतारावर गाडी लावायला? तुम्हालाच येत न्हाई. नाव पाहिजे? कुणी काढला त्याचं नाव पाहिजेच का? तेवढं सोडून—

बरं. लिहा. शोभाबाई. नवऱ्याचं नाव भीमराज. व्हय, सही करते, अंगठा कामून, सातवी शिकलेय म्हणून सांगितलं ना. इथं? घ्या.

आता उठा. न्हाई, वर त्याच्या घरी नको. वर तुमचं आज काही काम न्हाई. पंचशीलाला मी सांगते, सर येऊन गेले म्हणून. तुम्ही उद्या कमिटीच्या आधी या, उद्या भेटा त्याला, उद्या विचारा काय विचारायचं ते. आज त्याच्या दारात मी जाणार. तुमच्या कागदानं कळायच्या आधी त्याला माझ्या तोंडानं कळू द्या. मग त्यानं मारू द्या, थुंकू द्या, दार लावून घेऊ द्या.

संगती येऊ का, म्हणता? कशाला? तुम्ही कोण? जावा. कप राहू द्या तिथंच, मी उचलते. जावा म्हणते न्हवं.