भाता मिटतानाचा पंचम

हॅलो? … हॅलो, अकोला? … धरमसिंग मिस्त्रीचं दुकान हाय का? पेटी दुरुस्तीचं?

कोन, वहिनी? … वहिनी, मी वाशीमहून बोलून राह्यलो, पोस्टातून. जानराव. … अवो अनसिंगचा जानराव! परवाच्या गाडीनं तुमच्याकडं पेटी पाठवली ना म्या? … हो, हो, तेच. गळ्यात अडकवाची. अकॉर्डियन.

… वहिनी, घरचे सारे बरे हायत, ते मंग पुसजा. आधी ऐका ना. मिस्त्रीले सांगा, त्या पेटीले हात लावू नका. … काय करून राह्यले? … कानस घेऊन बसले? अवो मंग धावा ना! हातातली कानस काढून घ्या त्याईच्या! जा!

… हॅलो … नाई पोस्टमास्तर, फोन चालू हाय, बाई बोलवाले गेली. … भाऊजी, तुमी बसा बाकड्यावर. बसा म्हनतो ना. … येते मिस्त्री. आला की पुसतो.

हॅलो! मिस्त्री? … रामराम, रामराम. कानस खाली ठेवा आधी. … ठेवली? हं. तो पंचम, मिस्त्री. पार्सलात चिठ्ठी होती ना, ‘पंचम उतरला हाय, चढवून देजा’? … ते लिहनारा गाढव मीच. चढवू नका. आमाले उतरलेलाच पायजे.

… नाई, डोस्कं ठिकानावर हाय माहं. आज सकाळीच आलं ठिकानावर.

माही बहीन गेली, मिस्त्री. कस्तुराबाई. आज आठवा दिवस. … हो, शालिकराम मास्तरची मंडळी. ते माहे भाऊजी, त्याईचीच पेटी ते. … काही नाई हो, चार दिवसाचा ताप. वांग्याच्या वाफ्यात पानी सोडता सोडता बसली खाली, ते उठलीच नाई.

आता तेरवीले तिचीच पदं म्हनाची ठरली. मले वाटलं, चार गावचे भजनी येतीन, पंचम लागला की तोंडं वाकडी करतीन. भाऊजीची पेटी साऱ्या मुलखात बदनाम हाय ना! बेसूर मास्तर म्हनतात त्याईले. म्हनून म्या न पुसता पेटी उचलली अन् पार्सल केली. कराले गेलो गनपती अन् झाला मारोती.

आज सकाळी चहा घेता घेता सांगतलं, भाऊजी, तुमचा पंचम सुधरून येऊन राह्यला. मानसाच्या हातातली कपबशी खाली गेली, मिस्त्री. अन् मंग सांगतलं त्याईनं, जे सात वर्षं कोनाले सांगतलं नव्हतं.

… सांगतो ना. ऐका.

भाऊजी कामठीच्या छावनीत होते, साहेब लोकाईच्या क्लबात. झाडझूड करत करत पियानो शिकले. चांगला वाजवत, साहेब नाचत त्याईच्या बोटावर! सत्तेचाळीस साली साहेब चालले, तवा एकानं जाता जाता ही पेटी गळ्यात टाकली. पियानो काही अनसिंगले येनार नव्हता. घरी आले, माळ्याचं लेकरू, पुन्हा वांगी-मिरची. पर हात थोडीच गप बसतात? बहिनीचा गळा होता गोड. दोघं निघाले. लगनात, बारशात, होळीले मानोऱ्याकडच्या तांड्याईवर. पेटीचा पट्टा तुटला, तं बाईनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून पट्टा शिवला. … हो, हो, तोच हिरवा पट्टा! पाह्यला ना तुमी? तोच.

गावानं नावं ठेवली, बाईमानूस गाते म्हनून. त्याईनं कान दिला नाई.

मंग पन्नास साली बाईले मुदतीचा ताप आला. वाचली, पर गळा बसला. बाकी सारे सूर लागत, पंचमाशी आली की थोडी खाली राहे. उलसाक, बोटभर. रिठदच्या जत्रेत पोट्ट्याईनं टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. मी होतो तिथं. बाई अर्ध्यातून उठली. घरी येऊन म्हने, माहं गानं सरलं आता, तुमी दुसरी पाहा गानारी.

दुसऱ्या दिवशी ते शेतात गेली, तवा भाऊजीनं काय करावं? पेटी उघडली, लोहाराकडून बारीक कानस आनली अन् आत सूर देनारी पंचमाची पाती मुळाशी घासली. तिच्या गळ्याबराबर खाली उतरवला. … हो मिस्त्री, जानूनबुजून! सांजच्याले तिले म्हने, कस्तुरे, पेटीले दमट हवा लागली, पेटीच उतरली. तुले कोन बेसूर म्हनते? गाऊन पाहाय पेटीसंग. … अन् ते गाली. बरोबर लागला. मंग सात वर्षं गाली. लोक म्हनत, बाई बिचारी गोड गाते, मास्तरची पेटीच भंगार. तिलेही तसंच वाटे. भाऊजीले म्हने, एखादी चांगली पेटी घ्या ना हो! हे नुसते हसत.

अकोल्याची एक नाटक कंपनी आली होती त्याईले न्यावाले. पंचम ऐकला अन् उठून गेली. एका कानसेचं काम होतं, मिस्त्री. नाई केलं. मी सोता म्हनलं त्याईले कितीकदा, भाऊजी, फेका ते डबडं. मले काय माहीत, त्या डबड्यात माही बहीन बसली हाय म्हनून.

तिचा फोटो नाई काहाडला कोनी. तबकडी तं दूरच. तिच्या गळ्याचा तेवढा एक सूर राह्यला जगात, अन् तो म्या पार्सल केला.

… हॅलो? … मिस्त्री, ऐकून राह्यले ना?

… काय?

… कवा? … आज सकाळी?

… नाई भाऊजी, काही नाई. तुमी बसा. … हळू बोला मिस्त्री, ते पाहून राह्यले माह्या तोंडाकडं. … टोकाशी घासून चढवली? बसवली बी?

… दोन पात्या? कशाच्या दोन? … थांबा, मले समजू द्या. एकाच सुराच्या दोन पात्या, दोन्ही उतरवलेल्या. भाता उघडताना एक वाजते, मिटताना दुसरी. … हं. अन् तुमी कोनती घासली? … उघडतानाची. … अन् मिटतानाची? तिच्यासाठीच घेतली होती आता कानस? … तुमची आन हाय, खरं सांगा. … हातच नाई लावला? … देवा रे!

… पुन्हा उतरवून देता? नाई, नाई मिस्त्री, ऐका. उतरवसान तुमी, हुशार मानूस हाय. पर कोनत्या गळ्याशी लावून पाहासान? गळा कोठून आनू मी? … नाई, तुमचा दोष नाई. चिठ्ठी माही होती.

… हो हो पोस्टमास्तर, अजून तीन मिनिटं वाढवा. अडवू नका मायबाप.

मिस्त्री, पेटी जोडून घ्या लवकर. … जोडली? … मंग एक करा. फोनच्या तोंडाशी धरा, वहिनी फोन धरतीन. फकत पंचम वाजवा. भाता आधी उघडा, मंग मिटा. हळूहळू. … थांबा, मी त्याईले देतो.

भाऊजी, या. ऐका, एक पाती गेली. माह्या हातानं गेली समजा, मारा मले. दुसरी शाबूत हाय म्हनते मिस्त्री. तुमीच ऐकून सांगा. … हे घ्या. उलटा धरला, असा. कानाले लावा.

… आलं काही? … मान कायले हलवता? नाई म्हनता? … हा उघडतानाचा असन. लोकाईचा. थांबा, आता भाता मिटन.

… आता?

… भाऊजी?

… भाऊजी, रडू नका हो, लोक पाहून राह्यले. … बरं, रडा. रडा.

… तेच हाय ना? … माही बाईच हाय ना भाऊजी? … हो. हो. सांगतो मिस्त्रीले, जशी हाय तशीच पाठव म्हनतो. तेरवीले भाता मिटतानाच वाजवा तुमी तिचा पंचम. कोनी हसलं तं मी पाहून घेईन. … द्या इकडं, सांगतो त्याले.

… द्या ना.

काय म्हनता पोस्टमास्तर? … लाइन गेली? … कवाची?

… भाऊजी, फोन बंद झाला. काही वाजत नाई आता त्याच्यात. … भाऊजी …

… राहू द्या, पोस्टमास्तर. ओढू नका त्याईच्या हातून. त्याईचं ऐकनं व्हाचं हाय अजून.