चर्च-चर्चचा खेळ

हसणार असाल तर सांगतच नाही. मला अजून धक्का पचलेला नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे चहाला आले होते. तरुण मुलं चर्चला का येत नाहीत, हाच विषय. मी चर्च कमिटीचा सेक्रेटरी, त्यामुळे सगळा दोष मोबाईलवर ढकलून मी मोकळा झालो होतो.

तेवढ्यात गॅलरीत आरडाओरडा. माझी सात वर्षांची नात रूथ आणि शेजारच्या जोशींची सई चर्च-चर्च खेळत होत्या. रूथच्या नाकावर माझा जुना चष्मा.

"ए, तो बाक आमचा आहे, मागं जा! आणि ओढणी घे डोक्यावर!" तिनं सईला झापलं. मग म्हणाली, "चल, उपासना संपली. आता कमिटीचं भांडण."

दोघी कंबर कसून भांडायला लागल्या. रूथ तर हुबेहूब माझ्या आवाजात ओरडली, "मी आत्ताच्या आत्ता राजीनामा देतो!"

पाळकसाहेब कपातच बघत बसलेले. काहीतरी सावरावं म्हणून मी विचारलं, "अगं बाळा, तुमच्या खेळात येशू कोण झालंय?"

सई गोंधळली. "आजोबा, तो पण असतो यात?"

"असतो गं," रूथ तिला समजावत म्हणाली, "पण भांडण सुरू झालं की तो घरी जातो."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "आपली तरुण मुलं कोणाबरोबर गेली, ते कळलं."