हलिमोची लेक

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. उभं राहून बोलायची मला सवय नाही. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. त्यातून हलिमोबद्दल ‘होती’ म्हणायचं, ते जिभेवर येत नाही. मी मराठीत बोलते, माझी सून केतकी इंग्रजीत सांगेल.

सुरुवात सुचेना, म्हणून आधी काय काय आलं ते सांगते. खजुराचे खोके, परातभर सांबुसे (सोमाली समोसेच ते), मटणाचा भात दोन पातेली, आम्हा मराठी घरांकडून शिरा. चहा, साखर, कागदी ताटल्या माझ्याकडून, अठ्ठावीस डॉलर. भाताचं विचारलं तर हलिमोचे भाऊ म्हणाले, “दीदी, हिशेब नको.” तिच्या दिरांनीही तेच सांगितलं. पण पातेली दोन का, ते मी न विचारताच समजले. एक तिच्या भावांच्या कुळाचं, एक नवऱ्याच्या कुळाचं. मधे माझा शिरा.

हसा, हसा. ती असती तर हसलीच असती.

मिनियापोलिसच्या या इमारतीत मी मुलाकडे आले, तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं. समोरच्या दारातली हलिमो हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेली. माझ्यापेक्षा बरं बोलायची. माझी पूजा आणि तिची नमाज आटोपली की आमचा चहा.

एकदा तिनं माझ्या नावाचं विचारलं. मी सांगितलं, “माहेरची मी सुमन. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं ‘वैजयंती’ लिहिलं. तेव्हापासून वैजयंती.”

ती कप ठेवून उठलीच. “आणि तू लिहू दिलंस? हात मारून तांदूळ उधळले नाहीस?”

“अगं, अन्न आहे ते!”

किती हसली! मग सांगितलं, सोमाली बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. बापाचं नाव, आज्याचं नाव, मरेपर्यंत. ती कायम बापाच्या कुळाची. मी म्हटलं, “भाग्यवान आहेस बाई.”

तेव्हा ती परत खाली बसली. म्हणाली, “दीदी, देशात लढाई पेटली तेव्हा भाऊ एकीकडे, नवरा दुसरीकडे. माहेरी मी शत्रूची बायको. सासरी मी शत्रूची मुलगी. निरोप न्यायला मात्र मीच, कारण मला दोन्हीकडचे हात लावणार नाहीत. आणि समेटाची बैठक बसली, की मला म्हणायचे, चहा ठेव.”

पुन्हा सांगते. निरोप तिनं न्यायचा. चहा तिनं ठेवायचा. बैठकीत बसायचं मात्र नाही.

आपण मराठी माणसांनी माना डोलवू नयेत. या गावात आपलेही दोन गणपती बसतात, पुणेकरांचा वेगळा, नागपूरकरांचा वेगळा. मोदक दोन्हीकडे बायकाच वळतात. अध्यक्ष कोण, ते सांगायला हवं का?

आता जे मनात आहे ते बोलते. आपल्या इमारतीच्या रहिवासी समितीची निवडणूक आलीय. भावांच्या कुळाचा एक माणूस उभा, दिरांच्या कुळाचा एक. हलिमोनं आपल्या लेकीला, साहराला उभं केलं. म्हणाली, “हीटर बंद पडतो तो काय कुळ विचारून पडतो?” फॉर्म भरला. आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली.

मग मयताच्या घरी साहराचे काका आले. “तू आमच्या रक्ताची. म्हणून आमच्या माणसासाठी बाजूला हो.” मामा आले. “तू आमच्या कुळाची नाहीस, पण बहिणीची लेक आहेस. घरात तंटा नको. बाजूला हो.” पोरगी मला म्हणाली, “मावशी, आपली म्हणणारे आणि परकी म्हणणारे, दोघांना एकच हवंय.” आता म्हणते, नाव काढून घेते. सुतकात दोघांशी भांडायचं बळ तिच्यात नाही.

काकांनो, मामांनो, मी तुम्हाला दोष देत नाही. परक्या मुलखात तुमच्या कुळानं तुम्हाला विमानाचं तिकीट दिलं, काम दिलं, आजारपणात डबा दिला. मी पाहिलंय. हलिमोच्या दफनालाही दोन्ही घरं धावली, कुणी मागे राहिलं नाही. अशी माणसं मिळायला पुण्य लागतं. तुमच्यात काकाला अदीर म्हणतात, मामाला अबती. आमच्याकडेही दोन वेगळे शब्द. इंग्रजीत दोघंही अंकल. केतकी, तू जमेल तसं सांग गं. ज्यांच्याकडे दोन शब्द आहेत त्यांना ठाऊक असतं, मुलीला दोन घरं असतात. मग दोन्ही घरांनी मिळून तिला एक खुर्ची देऊ नये?

हलिमोला ती कधी मिळाली नाही. ती गप्प बसून चहा ठेवत राहिली. लेकीला तिनं चहा ठेवायला नाही, बसायला पाठवलंय.

आता सगळे उभे राहू. आपापल्या देवाचं नाव घेऊन थोडा वेळ शांत राहू.

आणि जाताना काका-मामांना एक विनंती. नाव मागे घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. इथे उत्तर देऊ नका, चारचौघांत माणूस अडतो. खाली दाराशी पहिली टपालपेटी माझी. उलट टपाली कळवा. साहरा कोणाची, ते लिहू नका. तिनं उभं राहावं की नाही, एवढंच लिहा.