बैल विकून घेतलेलं घड्याळ

ओक-बुन : पाय उचला. तो नाही हो, दुसरा!

पिल-सू : हळू गं! चपलेला चिकटून बाहेर गेली तर मेलोच मी.

ओक-बुन : दिसते तरी कशी ती स्प्रिंग?

पिल-सू : भुवईच्या केसाएवढी. चिमट्यातून टुणकन उडाली, कुठे गेली देव जाणे.

ओक-बुन : तरी सांगत होते, हात थरथरतात, आता दुकान बंद करा.

पिल-सू : आत्ता नको ना ते! चारला ग्योंग-तेची आई येतेय. उद्या पोराचं लग्न, त्याला आजोबांचं हेच घड्याळ मनगटावर हवंय. मी छातीठोकपणे हो म्हणून बसलोय.

ओक-बुन : तेवढ्या स्प्रिंगवाचून अडतंय?

पिल-सू : चावी दिली की सर्रकन उलटी सुटते. धरणारं दुसरं काही नाही आत.

ओक-बुन : मग गल्लीत कुणाकडे तरी मागा.

पिल-सू : घड्याळवाल्यांचं हे अख्खं येजी-दोंग पालथं घातलं. निम्मी दुकानं उठून गेलीत. तो टकल्या बोंग म्हणतो, हे मशीन बनायचं बंद होऊन पन्नास वर्षं झाली, म्युझियमात जा.

ओक-बुन : अहो, पण तुमच्या मनगटावर तेच मशीन आहे की! माझ्या बाबांनी लग्नात दिलेलं.

पिल-सू : ते नको.

ओक-बुन : का नको? एक स्प्रिंग तर काढायची. मी सांगते ना, काढा.

पिल-सू : बैल विकून घेतलं होतं त्यांनी.

ओक-बुन : मला सांगताय? बैलाला वैरण मी घालायची. द्या इकडे.

पिल-सू : हात लावू नकोस!

ओक-बुन : अगंबाई! ओरडता काय? आणि एवढा घाम कसला फुटलाय?

(पिल-सूने डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं, मनगट मात्र दुसऱ्या हाताने घट्ट धरलं.)

पिल-सू : चालत नाही ते. बारा वर्षं झाली. आधी एक चाक काढलं, त्या शाळामास्तरांसाठी. म्हटलं, दुसरं मिळालं की बसवू. मिळालंच नाही. मग आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी. आत काही उरलं नाही गं. तुला कुठल्या तोंडाने सांगणार?

ओक-बुन : ठाऊक आहे मला.

पिल-सू : काय?

ओक-बुन : आंघोळीला जाताना काढून ठेवता ना? बाबांची आठवण आली की कानाला लावते. मास्तरांचं घड्याळ चालू झालं, त्याच दिवशी याची टिकटिक थांबली.

पिल-सू : मग बोलली का नाहीस?

ओक-बुन : चिडले होते. चांगली दोन वर्षं चिडले होते, तुम्हाला पत्ताही नव्हता. मग ते मास्तर आले, मिनिटभरही मागे पडत नाही म्हणून घड्याळ दाखवत. तेव्हा राग गेला. बाबांचं चाक फिरतंय ना कुठेतरी.

पिल-सू : ओक-बुन...

ओक-बुन : रडू नका, भिंग लावल्यावर त्यावर वाफ धरेल. ती स्प्रिंग आहे का आत, तेवढं सांगा.

पिल-सू : आहे. पण हीही उडाली तर?

ओक-बुन : घड्याळ काढून इथे ठेवा, चिमट्याच्या हाताचं मनगट मी धरते. श्वास सोडा. हं, आता.

पिल-सू : ...निघाली. सोडू नकोस. ...बसली! चावी दे तू. हळू.

ओक-बुन : चावी धरतेय. अहो, चालायला लागलं!

पिल-सू : दारात कोण आहे बघ. तीच ना?

ओक-बुन : तीच. ते रिकामं घड्याळ घाला आधी मनगटावर. आणि वेळ विचारलीच तिने, तर रोज बघता तसं हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा.